शेपूट आलंय

९ फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार.

'आपण सर्व खुशाल असाल' असं लिहायला घेतलं आणि पेन अडलं. तेव्हा ते जाऊ दे. हे माझं चौथं पत्र. आधीची तीन पोचली असणार, पोस्टमनचं माझ्याशी काही वाकडं नाही. तुम्ही उत्तर देत नाही, देऊ नका. मी आपला लिहीत राहतो. वाचायचं नसेल तर खारूला वहीला कव्हर घालायला द्या, कागद बरा आहे.

घळीची वाट पुन्हा सुरू झाली. दादा गेल्यापासून साडेतीन महिने बंद होती. पहिल्याच रविवारी एकशे दहा माणसं. एका गृहस्थाने तोंड वर करून मला विचारलं, "धबधबा संध्याकाळी किती वाजता बंद करता?" पूर्वी असलं काही कानावर पडलं की मी रांगेच्या शेवटून ओरडून दादाला सांगायचो, आणि तो जराही न हसता म्हणायचा, "सहाला. चावी शेपटाकडे आहे." परवा मी नुसता मान हलवून पुढे गेलो. त्या माणसाला वाटलं असेल, वाटाड्या माणूसघाणा आहे.

हो, पुढेच गेलो. साहेबांनी दादाची जागा मला दिली. बावीस वर्षं रांगेच्या शेवटी चाललो, लोक माझं खरं नाव विसरून मला शेपूट म्हणायला लागले, आणि आता मी डोकं. माझ्या जागी एक निवृत्त बस ड्रायव्हर दिलाय. चांगला माणूस आहे, पण पोट सुटलंय. तो मागे चालतो म्हणजे खरोखरच मागे राहतो.

पहिल्या दिवशी त्याला सगळं बसवून समजावलं. दादाने मला समजावलं होतं तसंच. चौकीतल्या फळीवर खिळे आहेत, प्रत्येक खिळ्याला नंबराचा पत्र्याचा बिल्ला. वर जाताना बिल्ला गळ्यात, परत आल्यावर खिळ्याला. रिकामा खिळा म्हणजे एक माणूस अजून वर आहे. वाटेत दर वळणावर पुढचा ओरडणार, "शेपूट?" आणि शेवटचा म्हणणार, "आलंय." पण मागे वळून, आपल्यामागे कोणी नाही हे डोळ्यांनी बघून मगच म्हणायचं. अस्वलाच्या पट्ट्यात मोठ्याने बोलत चालायचं, म्हणजे ते आपणहून बाजूला होतं, दचकवलं तर अंगावर येतं. आणि अडचणीत सापडलात तर शिट्टी. तीन वेळा, मग थांबायचं, पुन्हा तीन वेळा. तिथे पाण्यापुढे माणसाचा आवाज जात नाही, शिट्टी खाली चौकीपर्यंत येते.

"आणि दोनदा वाजली तर?" ड्रायव्हरने विचारलं.

"तर पक्षी आहे. घळीत एक निळसर काळा पक्षी आहे, तो दोनदाच शीळ घालतो. म्हणून तर आपण तीन ठरवल्यात."

"हुशार आहात," तो म्हणाला. हे सगळं दादाचं डोकं होतं, मी त्याला सांगितलं.

दादा पडला त्या दिवशी मी चौकीत नव्हतो हे तुम्हाला माहीतच आहे. मागच्या बाजूला दोर धूत बसलो होतो. पुन्हा का लिहिलं कोण जाणे.

खारूची परीक्षा कधी आहे? गणितात तिला काही अडलं तर मला विचारू नका एवढंच.

तुमचा,
भाऊजी

२७ फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार.

काल तिसऱ्या वळणावर अस्वल आडवं आलं. पिल्लू पाठीवर होतं. चौदा माणसं माझ्यामागे, त्यातले दोघं लगेच फोन काढून फोटो घ्यायला पुढे. मी दोघांच्या दंडाला धरून मागे ओढलं आणि मोठ्याने बडबडायला लागलो. काय बडबडलो ते आठवत नाही, बहुतेक भाजीचे भाव. अस्वल थोडं थांबलं, मग खाली उतरून गेलं. सगळे खूश. मी सवयीने ओरडलो, "शेपूट?"

उत्तर नाही. ड्रायव्हर मागच्या वळणावर दगडावर बसून बुटातली रेती काढत होता. दोन मिनिटांनी आला. पण त्या दोन मिनिटांत मी आणखी चारदा ओरडलो, वहिनी. सगळ्यांसमोर मटकन खाली बसलो. एक बाई म्हणाली, अस्वलाला घाबरले बिचारे. म्हटलं, हो.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायला अस्वलाची आधी लिहिली, हे तुम्ही ओळखलंच असेल.

साहेबांनी मला बोलावलं. दादाच्या अपघाताचा अहवाल एकतीस मार्चला पक्का होणार. त्याआधी चौकीबाहेर एक मोठी पाटी लावायची आहे. पाट्यांचं काम माझं, अक्षर माझं बरं, म्हणून मजकूर माझ्या हातात दिला. जसा आहे तसा उतरवतो:

'परत आल्याची नोंद केल्यावर पुन्हा एकट्याने वर जाऊ नये. या चुकीमुळे आमच्या एका अत्यंत अनुभवी वाटाड्याचा जीव गेला आहे.'

साहेब म्हणाले, "नाव मुद्दाम घातलं नाही. घरच्यांना बरं वाटेल." मी म्हटलं, "हो साहेब." बघा, किती पटकन म्हटलं.

पत्रा कापून आणलाय. पांढरा रंग मारून ठेवलाय. पुढे हात जात नाही.

आणि मी चौकीत होतो, वहिनी. दोर सकाळीच धुऊन झाले होते. संध्याकाळी साडेचारपासून मी चौकीत होतो, नोंदवाल्या काकांच्या समोरच्या बाकावर चहा पीत.

तो पक्षी हल्ली फार ओरडतो. मी खिडकी लावून घेतो.

तुमचा,
भाऊजी

१६ मार्च

वहिनी,

आज नमस्कार वगैरे राहू दे. एका दमात लिहितो, नाहीतर पुन्हा अस्वल आडवं येईल.

बिल्ला मी लावला. दादाचा बिल्ला, एक नंबरचा, मी माझ्या हाताने खिळ्याला लावला.

तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्हाला नाही तर कोणाला माहीत असणार? तुमचं घर वरच्या पठारावर. धबधब्यापासून घरी जायला अर्धा तास. खाली चौकीत येऊन बिल्ला लावायचा आणि पुन्हा वर चढायचं म्हणजे दीड तासाची पायपीट. म्हणून आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं. शेवटची माणसं घळीच्या तोंडाला लागली की दादा बिल्ला माझ्याकडे टाकायचा, "शेपटा, टांग माझा," आणि वरच्या वाटेने घरी जायचा. मी खाली येऊन दोन बिल्ले टांगायचो. किती वर्षं? काकांना माहीत होतं, तेही कानाडोळा करायचे. नियम आम्हीच केला होता, मग आमच्याचसाठी थोडा वाकवला तर काय झालं, असं.

त्या दिवशी धबधब्याच्या काठावरची 'यापुढे जाऊ नये' ही पाटी कलली होती. दुसऱ्या दिवशी शाळेची सहल येणार होती. पाट्यांचं काम माझं. मी म्हटलं, "सकाळी बघू, माझे गुडघे बोलायला लागलेत." दादा म्हणाला, "तुझे गुडघे गेली दहा वर्षं भाषणच देतायत. तू माणसं घेऊन जा खाली. मी दोन दगड लावतो आणि तसाच घरी जातो." आणि बिल्ला माझ्याकडे टाकला. मी झेलला.

मी माणसं घेऊन खाली आलो. दोन्ही बिल्ले टांगले. सगळे खिळे भरले. काका फळीकडे बघून म्हणाले, "वर कोणी?" आणि मी म्हटलं, "शेपूट आलंय."

आमच्यात त्याचा अर्थ एकच. शेपूट आलं म्हणजे मागे कोणी नाही. पण त्या दिवशी मागे दादा होता. ज्याच्यामागे माणूस आहे ते शेपूट कसलं? त्या दिवशी शेपूट दादा होता, मी नव्हतो, आणि हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. जिभेला सवय होती, जीभ बोलून गेली.

खाली आम्हाला वाटलं, तो घरी पोचला. वर तुम्हाला वाटलं, उशीर झाला म्हणून चौकीतच झोपला असेल, झोपायचा तो कधीकधी. आपल्याकडे फोनला रेंज असती तर एवढं लिहायची वेळच आली नसती. सकाळी तुम्ही चौकीच्या दाराशी येऊन विचारलंत, "हे उठले का?" तेव्हा मी दात घासत होतो. तुमच्या तोंडाकडे बघून मला सगळं कळलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. अकरा वाजता सापडला. शेवाळावरून घसरून खालच्या कपारीत. पाय मोडला होता, बाकी फार लागलेलं नव्हतं. डॉक्टरांनी लिहिलं की गारठ्याने गेला, आणि सकाळी गेला.

चौकशीला साहेबांनी विचारलं, बिल्ला खिळ्यावर कसा? काकांनी कानांवर हात ठेवले, त्यांच्या पेन्शनला सहा महिने राहिले होते. मग साहेब माझ्याकडे वळले. मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "भाऊजी, सांगा ना. बिल्ला कोणी लावला?" खूप शांतपणे विचारलंत. मला वाट करून देत होता तुम्ही. आणि मी म्हटलं, "दादानेच. आला होता खाली. परत कधी गेला मी पाहिलं नाही."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, एवढंच. पंधरा दिवसांत घर आवरून खारूला घेऊन बहिणीकडे गेलात. लोक म्हणाले, धक्का बसला बिचारीला. मी पण तेच म्हणत होतो.

मी आईवेगळा होतो तेव्हा तुम्ही लग्न होऊन घरात आलात. माझ्या शर्टाची बटणं तुम्ही लावलीत. दहावीला नापास झालो तेव्हा दादापासून तुम्ही मला लपवलंत. आणि मी काय लपवलं बघा.

सोमवारी साहेबांकडे जातो. सगळं सांगतो. एकतीस तारखेच्या आत.

भाऊजी

३ एप्रिल

वहिनी,

सोमवारी गेलो नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. दारापर्यंत जायचो, शिपाई विचारायचा, काय काम? मी म्हणायचो, रंग संपलाय.

पाटी लिहून झाली. चांगली झाली, हे सांगताना लाज वाटते. 'अत्यंत अनुभवी' हे शब्द एका ओळीत बसवायला तीनदा पुसावं लागलं. एकोणतीसला खड्डे खणून उभी केली. ड्रायव्हरने मजकूर वाचला आणि म्हणाला, "तुमचा भाऊ ना हा?" मी म्हटलं, "माती दाब नीट."

एकतीस तारखेला एक कुटुंब आलं. बापाने पोरांना पाटीसमोर उभं करून मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाला, "बघा. फार येतं असं वाटायला लागलं की माणूस असा मूर्खपणा करतो." धाकटी खारूएवढी होती. तिने विचारलं, "मग त्याच्या घरचे त्याला रागावले असतील ना?" बाप म्हणाला, "रागावून काय उपयोग आता."

मी बिल्ले वाटत होतो. बिल्ले काकांच्या टेबलावर ठेवले आणि तसाच तडक साहेबांकडे गेलो. शिपायाने विचारायच्या आत आत शिरलो.

सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फाईल काढली आणि माझीच सही दाखवली. "तुम्ही तेव्हा शपथेवर हे सांगितलंत. आता तुम्ही हे सांगता. मी कोणत्या तुमच्यावर विश्वास ठेवू?" मी म्हटलं, "आताच्या." ते म्हणाले, "तेव्हाही तुम्ही असंच म्हटला असतात."

मी काकांना बोलवा म्हटलं. काका आले. दोन महिने राहिलेत आता त्यांचे. म्हणाले, "मला आठवत नाही, साहेब. वय झालं."

माझा जबाब लिहून घेतला, फाईलच्या शेवटी लावला. अहवाल सकाळीच वर गेला होता, तो बदलत नाही. वरचे लोक कधी बघतील ते बघतील. मला त्याच दिवशी कामावरून कमी केलं. ते ठीक झालं, त्यात मी काही बोलत नाही. मी फक्त विचारलं, "पाटी तरी काढू का?" साहेब म्हणाले, "राहू दे. मजकूर चुकीचा असला तरी संदेश चांगला आहे."

मी बाहेर येऊन पाटी हलवून पाहिली. हलली नाही. माती नीट दाबली होती.

तर असं झालं. दादाच्या नावावरचा ठपका निघाला नाही. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं, माफ करा म्हणून नाही. ते मागायचं तोंड माझ्याकडे नाही. खारूची सहल कधी इकडे निघाली तर तिला पाठवू नका एवढं ऐका.

भाऊजी

२२ एप्रिल

वहिनी,

तुमचं कार्ड परवा आलं. सहा महिन्यांत पहिलं. अक्षर ओळखून मी खुर्चीवर बसलो आणि बराच वेळ ते उलटं धरून ठेवलं. मनात काय काय आलं ते लिहीत नाही. तुम्ही लिहिलंय:

'भाऊजी, शोधणाऱ्यांनी सांगितलं की शिट्टी ह्यांच्या ओठांत होती. तुम्हाला ऐकू आली होती का? खरं लिहा.'

एवढंच. खाली सही नाही, वर नमस्कार नाही. बरोबर आहे तुमचं. मी एवढी पत्रं लिहिली, बिल्ल्याचं लिहिलं, पाटीचं लिहिलं, आणि हे तेवढं वगळलं. तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत. दादा म्हणायचा, हिच्यापासून काही लपत नाही, म्हणून मी काही करतच नाही.

दोन दिवस कार्ड खिशात घेऊन हिंडलो. नाही आली असं लिहिलं तर तुम्हाला झोप लागेल, असंही वाटून गेलं. पण तसं लिहिलं असतं तर तुम्ही ओळखलं असतंत. आणि तुम्ही खरं लिहा म्हटलंय.

आली होती.

पाच वाजून गेले होते. काकांनी 'वर कोणी?' विचारलं ते उगाच नाही विचारलं. शिट्टी ऐकूनच विचारलं. तीन होत्या. मी मोजल्या, वहिनी. बावीस वर्षं मोजतोय, आपोआप मोजल्या जातात. तीन झाल्या, थांबली, पुन्हा तीन. मी फळीकडे पाहिलं. सगळे खिळे भरलेले. दादाचा बिल्ला एक नंबरवर. तो मीच अर्ध्या तासापूर्वी टांगला होता, आणि तरी तो बघून मला वाटलं, दादा आलाय. फळी खोटं बोलत नाही हे त्यानेच मला शिकवलं होतं. मी म्हटलं, "शेपूट आलंय. पक्षी असेल." काका म्हणाले, "तीनदा?" मी म्हटलं, "पाण्याने घुमतंय ते." आणि वारा येत होता म्हणून उठून खिडकी लावली.

खिडकी लावल्यावर ऐकू आली नाही. तो किती वेळ वाजवत होता ते मला माहीत नाही. हे खरं आहे. यापुढचंही खरं आहे.

सकाळी उजाडताना मी खिडकी उघडली. दात घासायला बाहेर निघालो होतो, तुम्ही यायच्या थोडं आधी. तेव्हा पुन्हा आली. हळू होती, पण आली. मी ब्रश तोंडात धरून तिथेच उभा राहिलो आणि मोजलं.

एक. दोन.

मी तिसरीची वाट पाहिली. बराच वेळ उभा होतो, तोंडातला फेस गळून शर्टावर पडेपर्यंत. तिसरी आली नाही. दोनच होत्या, म्हणून मी म्हटलं, पक्षी आहे, आणि नळाकडे गेलो.

भाऊजी